मायनाकची भिंत

खांदेरीची कथा बहुधा शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या हल्ल्यापासून सांगितली जाते. तिची खरी गोडी मात्र त्याआधीच सुरू होते, आणि तिथला नायक आहे मायनाक भंडारी. 1679 चा पावसाळा सरत असताना तो थळसमोरच्या खांदेरी या ओसाड बेटावर उतरला. सोबत सुमारे दीडशे माणसे, थोड्या लहान तोफा आणि शिवाजी महाराजांचा हुकूम: बेट बांधून काढायचे.

आधी जागेची निवड पाहावी. मुंबई बंदराच्या तोंडाला, दक्षिणेकडून येणाऱ्या वाटेवरच हे बेट. इथे ठाणे बसले की इंग्रजांच्या प्रत्येक जहाजावर नजर राहणार आणि मुंबईच्या आश्रयाने पावसाळा काढणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या आरमारावरही. म्हणूनच 1672 चा पहिला प्रयत्न या दोघांच्या विरोधामुळे सोडावा लागला होता. या खेपेला मुहूर्त धरला तो दर्या पुरता निवळायच्या आतला. मुंबईहून निषेध येऊ लागला तेव्हा दगडावर दगड चढू लागलेला होता. बेट आमचे आहे, निघून जा, असे इंग्रजांनी बजावले. धन्याच्या हुकमाशिवाय हलणार नाही, असे मायनाकने कळवले आणि काम चालू ठेवले. इतक्या मोजक्या शब्दांत, आवाज न चढवता दिलेला नकार मला फार देखणा वाटतो.

सप्टेंबरात इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प शिबाड घेऊन बेटाला भिडला. अर्धवट बांधलेल्या आडोशामागून मारा झाला, थॉर्प पडला. भिंत पुरी होण्याआधीच कामाला आली होती. पुढचे सगळे महिने हेच चालले: गवंड्याचे काम आणि गोलंदाजाचे काम एकाच जागी, एकाच वेळी.

पण दगडावर माणूस जगत नाही. त्याला धान्य लागते, दारूगोळा लागतो, आणि बेटाभोवती तर इंग्रजी जहाजांचा पहारा. इथे या मोहिमेतली सर्वांत बारीक कारागिरी दिसते. इंग्रजी जहाजे उंच, तोफांनी जड आणि वाऱ्याची मिंधी. किनाऱ्यावरून निघणाऱ्या मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यातून जाणाऱ्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री वारा पडला की पहारा जागच्या जागी खिळायचा आणि होड्या त्याच्या बाजूने निघून जायच्या. वेढा होता, पण तो कधी आवळलाच गेला नाही. भरती-ओहोटी, खडक, रात्रीचा पडता वारा यांची नावाड्यांना असलेली जाण हे इथले खरे शस्त्र, आणि ते चालवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांची नावे कुठल्याही शिलालेखावर नाहीत.

18 ऑक्टोबरची समोरासमोरची लढाई इतकी निर्भेळ नाही. दौलतखानाची गलबते नाळेवरच्या तोफा डागत अशा वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांचे ‘डव्ह’ हे गुराब शरण आले. पण मिंचिन आणि केग्विन या इंग्रज अधिकाऱ्यांची ‘रिव्हेंज’ एकटी पाय रोवून राहिली आणि तिच्या भारी तोफांपुढे मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे हटावे लागले. रसिकाने ‘रिव्हेंज’लाही मोकळ्या मनाने दाद द्यावी. मात्र त्या दिवसाचा हिशेब बेटाकडे पाहून करावा. समुद्र इंग्रजांनी राखला, तरी भिंतीचा एक दगडही त्यांना काढता आला नाही. दौलतखानाने त्यांना आपल्यात गुंतवले होते आणि मायनाकला हवा होता तो वेळच.

आज तटाबाहेर फिरताना पायथ्याशी टाकलेले मोठे सुटे दगड दिसतात. त्यांवर शिंपले धरलेले असतात, कडा धारदार असतात. होडी लावायला सपाट जागा मिळत नाही, उतरावे तर पाय फाटतो. लाटही या दगडांवर फुटते. तटापर्यंत तिचा जोर उरत नाही. एकाच रचनेने शत्रू आणि समुद्र दोघांचीही सोय लावलेली पाहिली की तिथून पाय निघत नाही. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे.

जानेवारी 1680 मध्ये खर्चाने आणि पहाऱ्याने थकलेल्या इंग्रजांनी माघार घेतली. मायनाकच्या बांधकामाची पारख सगळ्यांत नेमकी केली ती सिद्दी कासीमने. त्याच महिन्यात त्याने खांदेरीशेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवली आणि भिंत बांधायला घेतली. दौलतखान लगेच चालून गेला. पण यावेळी दगडांच्या आडोशामागे सिद्दी होता, आणि मराठ्यांना परत फिरावे लागले.