कर्म, क्रिया आणि नवस

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा बहुधा ‘ख्रिस्तपुराणा’ची भाषा, रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांच्यापाशी थांबते. त्यामागच्या धर्मविचाराकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. माणसाचे तारण केवळ विश्वासाने होते की त्याला सत्कृत्यांचीही जोड लागते, या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातले चर्च दुभंगले. हा वाद मराठीत आला तेव्हा शब्दांनी त्याचे काय केले, ते या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी नंदुरबार जिल्हा, विशेषतः नवापूर तालुका, समोर ठेवला आहे.

आधी शब्द पाहू. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे देवाचे दान आहे, ते ‘एर्गा’मुळे मिळत नाही, असे प्रतिपादन आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सांगतो, की ‘एर्गा’ नसलेला विश्वास मेलेला असतो. ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी ‘पवित्र शास्त्रा’त मात्र पहिल्या ठिकाणी ‘कर्मे’, तर याकोबाकडे ‘क्रिया’ हा शब्द येतो. इफिसकरांच्या त्याच अध्यायात पुढच्याच वचनात तोच ग्रीक शब्द ‘चांगली’ या विशेषणासह येतो आणि मराठीत ‘सत्कृत्ये’ होतो. म्हणजे एका शब्दाचे तीन झाले.

ज्या टकरीमुळे ल्यूथरने १५२२मध्ये याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली, ती टक्कर मराठी वाचकाला जाणवतच नाही. शिवाय ‘कर्म’ म्हटले, की मराठी कानाला संचित, प्रारब्ध, फळ हे सारे ऐकू येते. पौल रोमकरांना आणि गलतीकरांना लिहितो तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने सुंतेसारखे मोशेच्या नियमशास्त्राचे विधी होते. याकोबासमोर उघडानागडा, उपाशी भाऊ होता. त्याला नुसते ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांना तो झापतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण पौल त्याच्या विश्वासावर बोट ठेवतो आणि याकोब इसहाकाच्या अर्पणावर. हा ताण अनुवादाने झाकला, हा माझा पहिला आक्षेप.

आता नंदुरबारकडे येऊ. फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९०मध्ये अमेरिकेत स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात काम करू लागले. ‘केवळ विश्वासाने’ हा त्याच्या शिकवणीचा गाभा होता. ऐकणारे होते भिल्ल, मावची, कोकणी. त्यांच्या धर्मव्यवहारात कर्मसिद्धान्तापेक्षा नवसाला मोठे स्थान होते. आजारी पोर बरे झाले तर देवाला कोंबडे, मोठे संकट टळले तर बोकड. शब्द दिला की तो फेडायचा.

मला वाटते, पौलाने नाकारलेली गोष्ट समजून घ्यायला ‘कर्म’पेक्षा ‘नवस’ हा शब्द अधिक जवळचा आहे. पौल भलेपणा नाकारत नाही. देवाशी केलेला हिशेब नाकारतो. पण गंमत अशी, की त्या भागातल्या मंडळ्यांत दिल्या जाणाऱ्या ‘साक्षी’ ऐकल्या, तर पुष्कळदा जुनाच साचा दिसतो: दुखणे आले, भगत झाला, पैसा गेला, प्रार्थना केली, बरे वाटले, विश्वास ठेवला. देव बदलला, व्यवहार तोच राहिला. अशा साक्षीत विश्वास हीच फेडीची वस्तू बनते. कृपेचा संदेश देणाऱ्यांनी याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

दुसरा पुरावा आचरणाचा. ‘दारू सोडली’ हे वाक्य साक्षीत हमखास येते. पण तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनीही १९३०च्या दशकात भिल्लांना दारू सोडायला आणि स्वच्छ राहायला शिकवले. सदाचरण कोणा एका धर्माची मिरास नाही. तेव्हा तेवढ्यावरून तारणाची ओळख पटवता येत नाही.

मग सेवेचे काय? नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल १९४२पासून उभे आहे. अशा कामावर ‘आमिष’ हा आरोप जागोजागी होतो. त्याला उत्तर देताना ख्रिस्ती मंडळी कायद्याचा आधार घेतात, धर्मविचाराचा क्वचितच. वास्तविक पौलाचा निकषच येथे कडक आहे. उपचार पुण्य जोडण्यासाठी असतील किंवा माणसे जोडण्यासाठी असतील, तर तो सौदा आहे, आणि सौद्याने तारण होत नाही. ते मिळालेल्या दानाची कृतज्ञता म्हणून असतील, तर रोग्याकडून श्रद्धेची परतफेड मागताच येत नाही. टीकाकारांनी आणि प्रचारकांनी, दोघांनीही हा निकष लावून पाहावा.

याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा. पुढे काही वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा अनुभव त्यांनी नोंदवला. तारण निव्वळ कृपेने, हे त्यांना तेव्हा उमगले. आणि त्यानंतर, १८९६-९७च्या दुष्काळात, त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. केडगावच्या वास्तूंना त्यांनी नावे दिली ‘मुक्ती सदन’, ‘कृपा सदन’. सेवेच्या घरांवर तारणाचे शब्द! रूढ मराठी बायबलमधील वेदान्ताचा वास असलेले शब्द त्यांना खटकत. म्हणून त्यांनी साध्या बायकांना कळेल असा स्वतंत्र अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर, १९२४मध्ये, पुरा छापून निघाला.

कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: तारण कृपेने, आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ. केडगावच्या पाट्यांवर हे शंभर वर्षे आधीच वाचता येत होते. नंदुरबारच्या ख्रिस्ती लेखनाने ते अजून आपल्या बोलीत मांडायचे आहे. नवसाचा अर्थ जिथे घरोघरी ठाऊक आहे, तिथे न मागता मिळालेल्या आणि फेडता न येणाऱ्या दानाचा अर्थ सांगणे अवघड खरे. पण तो नेमका तिथेच सर्वांत स्पष्ट सांगता येईल.