‘परत येणार ना?’ : व्हिसाच्या एका प्रश्नाची चिकित्सा



दिवाळीच्या आसपास मला मेल यायला लागतात, "दादा, एसओपी जरा बघून द्याल का?" जून उजाडला की त्याच मुलामुलींचे दुसरे मेल येतात, "व्हिसा इंटरव्ह्यूला नक्की काय सांगू?"

दोन्ही मेल शेजारी ठेवून वाचले की गंमत दिसते. एसओपीत लिहिलेलं असतं की मला या विषयात शेवटपर्यंत जायचंय, पीएचडीनंतर पोस्टडॉक करायचंय. जूनमध्ये तोच मुलगा विचारतो, "बाबांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळायला परत येणार आहे, असं सांगू का?"

त्याला दुकान सांभाळायचं नाही, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे आणि बहुधा बाबांनाही माहीत आहे. मग हे उत्तर त्याच्या तोंडी आलं कुठून? माझ्या मते ते त्या प्रश्नातूनच आलं. म्हणून आज पेपर वाचायचा नाही, एक प्रश्न वाचायचा. एखादी प्रश्नावली आपण जशी तपासतो तसाच. म्हणजे नेमकं काय मोजायचंय, कशाने मोजतोय, आणि मोजमाप चुकलं तर ते कळणार कसं? उदाहरण अमेरिकेच्या एफ-१ व्हिसाचं घेतो, कारण या प्रश्नाचं सगळ्यात उघड रूप तिथल्या कायद्यात आहे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेचा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट १९५२ सालचा. त्यातली दोन कलमं एकत्र वाचावी लागतात. पहिल्यात विद्यार्थी कोण याची व्याख्या आहे. ज्याचं परदेशात राहतं घर आहे, ते सोडून देण्याचा ज्याचा इरादा नाही आणि जो फक्त शिकण्यासाठी तात्पुरता येतोय, तो विद्यार्थी. दुसरं कलम २१४(बी). ते म्हणतं, अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चाला. तसं नाही, हे अर्जदाराने अधिकाऱ्याचं समाधान होईल अशा रीतीने दाखवायचं.

स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. नल हायपोथेसिस आहे ‘हा परत जाणार नाही’. ती खोडून काढायची जबाबदारी तुमची, वेळ बहुतेकदा दोन-तीन मिनिटं, आणि किती पुरावा पुरेसा हे समोरच्याच्या समाधानावर. नापास झालात तर हातात एक छापील कागद येतो. त्यावर कलमाचा नंबर असतो, पण तुमचं नेमकं काय चुकलं ते नसतं. अपील नाही. पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करता येतो, एवढंच.

कोर्टात जाऊ म्हणाल, तर तिथेही वाट अरुंद आहे. बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना अमेरिकेतल्या विद्यापीठांनी बोलावलं होतं आणि सरकारने येऊ दिलं नाही. आमच्या प्राध्यापकांना त्यांचं म्हणणं ऐकायचा हक्क आहे, असा वाद सुप्रीम कोर्टात गेला. १९७२ साली निकाल लागला की सरकारने वरकरणी योग्य आणि प्रामाणिक असं कारण दिलं असेल, तर कोर्ट त्याच्या मागे जाऊन तपासणार नाही. तो खटला विद्यार्थी व्हिसाचा नव्हता, पण व्हिसा नाकारण्याच्या अधिकाराला आव्हान देणं आजही इतकं अवघड का आहे, ते त्यातून कळतं.

मोजायचं काय, आणि मोजतो काय

मोजायचा आहे इरादा. इरादा दिसत नाही. बावीस वर्षांच्या माणसाचा सहा वर्षांनंतरचा इरादा तर त्याला स्वतःलाही दिसत नाही. मग त्याच्याऐवजी दिसणारं काहीतरी धरायचं, म्हणजे आपण संशोधनात ज्याला प्रॉक्सी म्हणतो ते. इथली प्रॉक्सी म्हणजे मायदेशाशी असलेले ‘बंध’ : नोकरी, घर, कुटुंब, नातीगोती.

आता विचार करा, एखादा विद्यार्थी यातलं काय दाखवणार? नोकरी नाही, म्हणूनच तो शिकायला चाललाय. घर आई-वडिलांचं. लग्न झालेलं नाही. ज्याच्या घरी चार फ्लॅट आणि एक कारखाना आहे, त्याचे बंध कागदावर भक्कम दिसतात. ज्याच्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू आहे आणि ज्याला विद्यापीठाने गुणवत्तेवर पूर्ण फंडिंग दिलंय, त्याचे बंध कच्चे दिसतात. म्हणजे इरादा मोजायला निघालेली पट्टी सहज घसरून ऐपत मोजायला लागते. मोजायचं एक आणि मोजलं जातं भलतंच, याला आपण वैधतेचा दोष म्हणतो. एखाद्या एम.ए.च्या प्रबंधात हा दोष सापडला तर गाइड तो भाग परत लिहायला लावतील.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला हे माहीत नाही असं नाही. अधिकाऱ्यांसाठी त्यांचं एक मॅन्युअल आहे. तरुण विद्यार्थ्याकडे स्थिरावलेल्या माणसासारखे बंध नसतात, म्हणून त्याचा आजचा इरादा बघा, पुढे मन बदलू शकतं एवढ्यावरून नकार देऊ नका, अशा अर्थाच्या सूचना त्यात आलेल्या आहेत. ही भाषा वेळोवेळी बदलतही गेली आहे. पण मॅन्युअल म्हणजे सूचना, कलम म्हणजे कायदा. आणि खिडकीतल्या दोन-तीन मिनिटांत कायद्याचं गृहीतक जास्त जवळ असतं.

चूक झाली तर कळतं का?

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा भाग. ज्यांना व्हिसा मिळाला त्यातले किती राहिले, हे शोधता येतं. पण ज्यांना नाकारला ते परत आले असते का, हे कधीच कळणार नाही, कारण ते गेलेच नाहीत. म्हणजे एकाच बाजूची चूक दिसते. अधिकाऱ्याने ज्याला सोडलं तो राहिला, तर ती चूक कुठेतरी नोंदली जाईल. ज्याला चुकून अडवलं त्याची नोंद होते ‘योग्य नकार’ म्हणून. अशी पद्धत स्वतःच्या अनुभवातून शहाणी होऊ शकत नाही, फक्त अधिकाधिक सावध होत जाते. सिलेक्शन बायस शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता दुसरी बाजूही नीट मांडू, नाहीतर ही चिकित्सा नाही, नुसती तक्रार होईल. कोणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. विद्यार्थी व्हिसाचा गैरवापर होतो हेही खरं, आणि त्यात आपल्याकडच्या एजंटांचा हात लहान नाही. प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. हा प्रश्न जे विचारतो, ते स्वतः ती व्यवस्थाच मानत नाही, एवढाच माझा मुद्दा.

पुरावा बघा. एफ-१ वर शिकलेल्याला शिक्षणानंतर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना २०१६ च्या नियमाने आणखी चोवीस महिने. त्यानंतरच्या एच-१बी व्हिसावर तर कायम राहण्याचा इरादा असला तरी चालतो. ओपन डोअर्सच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यातले ९७,५५६ ओपीटीवर होते, म्हणजे दर दहांतले जवळजवळ तीन जण वर्गात नव्हते, काम करत होते, तेही पूर्ण कायदेशीर. दारात विचारायचं ‘जाणार ना?’ आणि आत गेल्यावर थांबायला तीन वर्षांची सोय करायची. अशा घरात पाहुण्याने खरं काय बोलावं?

दुसऱ्या देशांनी काय केलं

हा प्रश्न अटळ आहे का? नाही. कॅनडाच्या कायद्यात कलम २२(२) आहे. पुढे कायम राहायची इच्छा असली म्हणून तात्पुरता परवाना नाकारता येत नाही. मुदत संपली आणि राहायला परवानगी नसली तर हा माणूस जाईल, एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणजे इच्छा वेगळी आणि कायदा पाळणं वेगळं, हे तिथे मान्य आहे. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून ‘खरोखर तात्पुरता येणारा’ ही कसोटी काढून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आणली. आता हाच कोर्स का, इथेच का, त्याचा पुढे उपयोग काय, असे थेट प्रश्न असतात आणि उत्तरं मोजक्या शब्दांत लिहायची असतात.

प्रश्न सुधारला म्हणून दार उघडलं असं मात्र समजू नका. त्याच २०२४ मध्ये कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि जुलैत ऑस्ट्रेलियाने व्हिसाची फी वाढवून १,६०० डॉलर केली. पण नकार मिळाला तरी निदान विचारलेला प्रश्न तुमच्या अभ्यासाबद्दलचा होता, हा फरक मला मोठा वाटतो.

परत येण्याची एक गोष्ट

परत येण्याचं वचन देऊन गेलेला आपल्याकडचा सगळ्यात मोठा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार करून. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला आलेही. तिथे जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेल्यावर बडोदा सोडावं लागलं. इरादा होता, लेखी होता, पाळलाही होता. छप्पर मिळालं नाही.

ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगतोय की ‘परत येणार ना?’ हा प्रश्न फक्त विद्यार्थ्याच्या मनाबद्दलचा कधीच नसतो. परत येऊन उभं राहायला जागा आहे का, हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि त्याचं उत्तर विद्यार्थ्याच्या हातात नसतं.

मग तुम्ही काय करायचं?

पहिली गोष्ट, एसओपी या एकाच नावाचे दोन कागद आहेत हे लक्षात घ्या. विद्यापीठाच्या एसओपीचे वाचक प्राध्यापक असतात, त्यांना तुमचा संशोधनप्रश्न हवा असतो. एजंट ज्याला एसओपी म्हणतात तो पुष्कळदा व्हिसा अधिकाऱ्यासाठीचा खुलासा असतो. दोन्हीची सरमिसळ झाली की ‘शिक्षण पूर्ण करून मी मायदेशी परतेन व राष्ट्राची सेवा करेन’ असा परिच्छेद पीएचडीच्या अर्जात येऊन बसतो. प्राध्यापकांसाठी तो निरुपयोगी आहे. काढून टाका.

दुसरी गोष्ट, खोटं बोलू नका. नीती बाजूला ठेवली तरी, महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. साधा २१४(बी)चा नकार तसा नसतो, त्यानंतर पुन्हा अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट, दोन्ही ठिकाणी टिकेल असं एकच उत्तर तयार करा, आणि ते तुमच्या विषयातून काढा. समजा तुम्हाला शिरोळ-सांगलीकडच्या क्षारपड जमिनीवर उपग्रहाच्या चित्रांनी काम करायचंय. मग प्राध्यापकांना पद्धत सांगा, खिडकीत जमीन सांगा. दोन्ही खरं आहे. तुमचा विषय खगोलशास्त्र असेल तर गावाशी नातं ओढूनताणून जोडू नका. पण भारतात या विषयावर आयुका, टीआयएफआर, आयसर अशा ठिकाणी कोण काय काम करतंय, हे खरोखर वाचा. इंटरव्ह्यूसाठी उपयोग होईलच, आणि पुढे तुम्हालाच लागेल. पाच-सहा वर्षांनंतरचं विचारलं तर आज जे ठरलंय तेच सांगा. कायदाही आजच्या इराद्याबद्दलच विचारतोय, भविष्य सांगायला बोलावलेलं नाही. आणि आजच ठरलेलं असेल की परत यायचंच नाही, तर एफ-१ च्या अटीत तुम्ही बसत नाही. हे स्वतःशी तरी कबूल करा आणि मग दुसऱ्या देशांचे नियम वाचा.

हे सगळं करूनही नकार येऊ शकतो. आला तर तुमच्या संशोधनावर तो निकाल नाही, कारण तुमचं संशोधन तिथे कोणी तपासलेलंच नसतं. पुढच्या प्रवेशासाठी डेफर करता येईल का, ते विद्यापीठाला त्याच आठवड्यात विचारा.

हार्डवेअरच्या दुकानाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलाला मी एवढंच लिहिलं, "दुकानाचं काढू नकोस. तुझ्या प्रश्नाबद्दल तीन वाक्यं पाठ न करता बोलता येतात का बघ, आणि आज रात्री ती बाबांना बोलून दाखव. त्यांना समजली तर खिडकीतल्या माणसालाही समजतील."