गडावर थांबलेला कॅमेरा

तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो फेब्रुवारी १६७० मध्ये. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबुराव पेंटरांनी तो प्रसंग १९२३ मध्ये मूकपटात आणला. १९३३ मध्ये 'प्रभात'ने त्याचाच बोलपट केला. २०२० मध्ये ओम राऊत यांचा 'तान्हाजी' आला आणि २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा 'सुभेदार'. बाजीप्रभूंची खिंड भालजी पेंढारकरांनी १९५६ मध्ये दाखवली, लांजेकरांनी २०२२ मध्ये. शंभर वर्षांत तंत्र कुठल्या कुठे गेलं, पण मराठ्यांच्या इतिहासावरचा चित्रपट त्याच दोन-चार रात्रींपाशी मुक्काम ठोकून बसला आहे. साताऱ्यात राहून हे चित्रपट पाहताना ही गोष्ट फार टोचते, कारण या राज्याची पुढची सगळी कहाणी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घडली आणि तिथवर कॅमेरा क्वचितच येतो.

आधी या चित्रपटांचं देणं मान्य करायला हवं. 'फर्जंद' २०१८ मध्ये आला तेव्हा मराठी ऐतिहासिक चित्रपट जवळपास थंडावला होता. त्यानंतर 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' अशी शिवचरित्रावर आठ चित्रपटांची मालिकाच लांजेकरांनी हाती घेतली. चिन्मय मांडलेकरांनी महाराजांना ओरडायला लावलं नाही. त्यांचे महाराज शांत आहेत, ऐकून घेणारे आहेत. 'पावनखिंड'मधले अजय पूरकरांचे बाजीप्रभू मनावर ठसतात. प्रवीण तरडे यांच्या 'सरसेनापती हंबीरराव'मुळे कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या मोहित्यांचं नाव शाळकरी पोरांच्या तोंडी आलं. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत पडले, हे आपल्याच जिल्ह्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? मुलाबाळांसकट घरंच्या घरं थिएटरात गेली, त्या पोरांनी पुढे गडांची नावं विचारली. एवढं काम कुठल्याही पाठ्यपुस्तकाने केलेलं नाही.

पण हे सगळे चित्रपट स्वराज्य मिळवण्याचे आहेत. मिळालेलं राज्य चालवण्याचा चित्रपट निराळा. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली की आपली पटकथा संपते. 'छावा'ही तिथेच संपतो. त्यानंतर काय झालं? सातारचा किल्ला औरंगजेबाने वेढला आणि १७०० मध्ये घेतला. मराठ्यांनी तो परत मिळवला. मोगलांच्या छावणीत लहानाचे मोठे झालेले शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या कारकिर्दीत हे राज्य माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात पोचलं. ज्याला साम्राज्य म्हणावं ते इथून पुढचं आहे. चौथाईचा हिशेब, सरंजामाची वाटणी, छत्रपती मोठे की पेशवे हा कधीच पुरता न सुटलेला प्रश्न, आप्तांचे खून, दत्तकांचे वाद: हे सारं नाट्य साताऱ्यात आणि पुण्यात घडलं.

रोमन साम्राज्यावरच्या चित्रपटांकडे मी वळतो तो एवढ्यासाठीच. त्यांचा इतिहासही आपल्याइतकाच जुना आहे. इटलीचा 'काबिरिया' १९१४ चा. हॉलिवूडने १९५१ मध्ये 'क्वो वादिस' केला, १९५९ मध्ये 'बेन-हर' केला आणि त्याला अकरा ऑस्कर मिळाले. पुढे देखाव्याची हाव सुटली. १९६३ च्या 'क्लिओपात्रा'ने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला दिवाळखोरीच्या दारात नेलं. १९६४ च्या 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर'साठी माद्रिदजवळ रोमचा अख्खा चौक उभारला होता. तो चित्रपट आपटला आणि रोम पडद्यावरून जवळपास गायब झालं, ते थेट २००० मध्ये 'ग्लॅडिएटर' येईपर्यंत. हत्ती, रथ, हजारो माणसांचे जमाव पाहून प्रेक्षक किती लवकर कंटाळतो, याचा हा धडा आजच्या आपल्या निर्मात्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा. व्हीएफएक्सने उभारलेला गड दुसऱ्या चित्रपटात पहिल्याइतका थरारक वाटत नाही, तिसऱ्यात तर तो नुसती पार्श्वभूमी होतो.

मात्र रोमवरच्या चांगल्या चित्रपटांनी एक गोष्ट केली, जी आपण टाळतो. त्यांचा दुष्ट माणूस बाहेरून येत नाही. नीरो, कॉमोडस हे रोमचेच सम्राट. 'स्पार्टाकस'मध्ये नायक गुलाम आहे आणि त्याच्या विरोधात उभं आहे ते खुद्द रोमन प्रजासत्ताक. त्याची पटकथा लिहिणारे डाल्टन ट्रम्बो अमेरिकेत काळ्या यादीत होते. १९६० मध्ये त्यांचं नाव उघडपणे पडद्यावर आलं. सत्तेने छळलेल्या लेखकाने सत्तेवर लिहिलं आणि ते दर प्रसंगात जाणवतं. बीबीसीच्या १९७६ च्या 'आय, क्लॉडियस'मध्ये तर रणांगणच नाही. स्टुडिओतल्या चार भिंती, जेवणाची पंगत, एक तोतरा राजपुत्र आणि वारसाची चिंता करणारी म्हातारी लिव्हिया. अख्खं साम्राज्य एवढ्यात मावलं. अर्थात अमेरिकन माणसाला रोमबद्दल कठोर होणं सोपं आहे, रोम त्याच्या आजोबांचं नाही. आपल्याला ते अवघड जातं, कारण गादी आजही साताऱ्यात आहे आणि माणसं तिच्यापुढे मनापासून वाकतात. ही भावना खरी आहे, तिला धक्का न लावताही आत डोकावता येतं.

मुंबईनेही एकदा रोम उभं केलं होतं. आगा हश्र काश्मिरी यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये 'यहुदी' केला. रोमन राजपुत्र दिलीपकुमार, यहुदी तरुणी मीनाकुमारी आणि तिला वाढवणारे सोहराब मोदी. पोशाख नाटकी आहेत, पण सत्ताधाऱ्याचा कायदा दुबळ्याच्या घरात शिरला की काय होतं, हा प्रश्न तिथे नेमका आहे.

आणि हाच प्रश्न मराठीने त्याच्याही चौदा वर्षं आधी अधिक ताकदीने विचारला होता. 'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ चा. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याशेजारच्या माहुलीचे. शिकलेला नाही म्हणून अपमान झालेला मुलगा काशीला जातो आणि पेशव्यांचा न्यायाधीश होऊन बसतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून होतो, संशय थेट त्यांच्या काकांवर, रघुनाथरावांवर येतो, आणि आता तेच पेशवे झालेले असतात. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री त्यांच्यासमोर उभे राहून देहान्त प्रायश्चित्त सांगतात. हा चित्रपट मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा एका गोष्टीने थक्क होतो: प्रेक्षकाचा श्वास रोखून धरणारं जे काही आहे ते शब्दांत आहे. तलवार उपसली जात नाही. ललिता पवारांची आनंदीबाई नुसती खलनायिका नाही, तिला राज्य हवं आहे आणि ते का हवं आहे हे तिच्या डोळ्यांत दिसतं. सत्तेसमोर एक माणूस, त्याच्या हातात फक्त शास्त्र. निकाल दिल्यावर शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीला जाऊन राहिले. माहुली ते पांडववाडी, सारं सातारा जिल्ह्यातलं. साम्राज्य कशावर टिकतं आणि कशाने पोखरलं जातं, हे मराठी पडद्यावर इतकं स्वच्छ पुन्हा दिसलेलं नाही.

हे एकाएकी उगवलं नव्हतं. त्यामागे सांगलीची रंगभूमी आहे. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्याच सांगलीत १८७२ मध्ये जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू' आणि 'भाऊबंदकी' लिहिली. 'भाऊबंदकी' हीच नारायणरावाच्या खुनाची कथा. राज्यकर्त्याचं मन कसं कुजतं हे रंगमंचावर दाखवायला खाडिलकर कचरले नाहीत. रहिमतपूरचे वसंत कानेटकर १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' घेऊन आले आणि शिवाजी-संभाजी या बापलेकांमधलं अंतर त्यांनी घरातल्या माणसांच्या भाषेत मांडलं. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. तेव्हा मराठी माणसाला आतलं नाटक सोसत नाही, असं कुणी म्हणू नये. रंगभूमीने जे धाडस साठ वर्षांपूर्वी केलं त्याची भीती सिनेमाला वाटते, एवढंच.

कागदपत्रांचं म्हणाल तर ती दारातच होती. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला. ते स्वतः नाटककारही होते. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्य घालवून साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. नाना फडणविसांचं दप्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होतं. त्या मेणवलीच्या घाटावर आशुतोष गोवारीकरांनी 'स्वदेस'चं चित्रीकरण केलं, वाईच्या परिसरात 'मृत्युदंड' आणि 'गंगाजल' यांच्यासाठी बिहार उभा राहिला. नानांच्या घाटावर सगळ्या मुलुखांच्या गोष्टी चित्रित होतात, नानांची होत नाही. ती एकदा झाली होती: तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वरून १९७६ मध्ये तरुण दिग्दर्शकांच्या 'युक्त' सहकारी संस्थेने चित्रपट केला, मोहन आगाशे नाना होते. तो अवघड आहे, लांबलचक दृश्यांचा आहे, सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचला नाही. पण सत्ता स्वतःसाठी राक्षस कसा घडवते, हे त्यात आहे.

अलीकडच्या मोठ्या चित्रपटांपैकी 'बाजीराव मस्तानी'त शाहू महाराजांचा दरबार आहे, महेश मांजरेकर महाराज आहेत. दरबार सुंदर आहे, पण त्यात राजकारण नाही, आरसे आहेत. 'पानिपत' मोहिमेची तयारी दाखवता दाखवता लढाईत विरघळतो. मृणाल कुलकर्णींचा 'रमा माधव' मात्र मला जवळचा वाटतो. घर, देवघर, आजारपण यांतून तो पेशवाई पाहतो. याच मृणाल कुलकर्णी 'स्वामी' मालिकेत रमाबाई होत्या आणि ती मालिका दिग्दर्शित केली होती गजानन जागीरदारांनी, म्हणजे पडद्यावरच्या रामशास्त्रींनीच. 'रामशास्त्री'चा धागा पुरता तुटलेला नाही.

'छावा'च्या वेळी लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि प्रदर्शनापूर्वीच ते काढलं गेलं. राजाने नाचावं की नाही यावर इतकी चर्चा झाली. राजाचीच माणसं फितूर का झाली, वतनांच्या राजकारणात कोण कुठे दुखावलं होतं, यावर पटकथेत किती पानं आहेत हे कुणी विचारलं नाही. शिर्क्यांची बाजू, येसूबाईंची मोगलांच्या कैदेतली वर्षं, १७१९ मध्ये त्यांचं साताऱ्याला परतणं, माहुलीचा शेवट. नुसत्या येसूबाईंवर एक पूर्ण चित्रपट उभा राहतो आणि त्यात युद्धाचा एक प्रसंगही लागत नाही.

दुसरा चित्रपट ताराबाईंचा. छोट्या पडद्यावर 'स्वराज्यसौदामिनी ताराराणी'ने त्यांचं तरुणपण दाखवलं, घोड्यावरच्या ताराबाई दाखवल्या. मला हव्या आहेत त्या १७५० मधल्या पंचाहत्तरीच्या ताराबाई. शाहू महाराज वर्षभरापूर्वी, डिसेंबर १७४९ मध्ये, वारले आहेत. आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर आहेत. पेशवा दक्षिणेत मोहिमेवर. त्याला दूर करा, असं आजी सांगते, नातू ऐकत नाही. आजी त्याला सातारच्या किल्ल्यावर कैद करते आणि हा माझा नातूच नव्हे असं जाहीर करते. दमाजी गायकवाड तिच्या मदतीला फौज घेऊन निघतो, पेशव्याच्या हाती सापडतो. पेशव्याशी समेट होतो, जेजुरीला शपथक्रिया होते, पण किल्ल्यावरचा छत्रपती सुटत नाही. पानिपत होतं, पेशवा खचून मरतो, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १७६१ मध्ये, ताराबाई साताऱ्यात देह ठेवतात. तोवर रामराजे किल्ल्यावर कैदेतच असतात.