स्वस्त वाहकाची किंमत कोठे मोजावी?

सूक्ष्म विद्युत् मंडलांसाठी चांदीवर आधारलेली अल्पमोली वाहक द्रव्ये सिद्ध करण्याविषयी जे संशोधनपर लेखन आज होते, त्याचा निष्कर्ष पुष्कळदा दोनच आकड्यांवर उभा असतो: मूल्यवान धातूचे प्रमाण किती घटले आणि पृष्ठरोध किती आला. हे दोन आकडे आवश्यक आहेत. परंतु तेवढ्यावरून द्रव्यास ‘स्वस्त’ म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चांदीची निवड सयुक्तिक आहे, याविषयी वाद नाही. २०° से. तापमानास तिची रोधकता सुमारे १.५९ मायक्रोओहम-सेंमी. म्हणजे सर्व धातूंत किमान आहे. चांदीचे चूर्ण, काचचूर्ण व सेंद्रिय माध्यम यांची पेस्ट जाळीतून अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर छापून साध्या हवेत ८५०° से.ला भाजता येते. तांब्यास येथे नायट्रोजनची भट्टी लागते, आणि सोने परवडत नाही.

तथापि चांदीत दोन दोष आहेत. पहिला स्थलांतराचा. आर्द्रता व एकदिश विद्युत्‌दाब एकत्र आले की धनाग्रावरील चांदी आयनरूपाने विरघळते, ऋणाग्राकडे जाते व तेथे फांद्यांसारखी वाढून अखेर दोन वाहकांना जोडून टाकते. बेल प्रयोगशाळेतील कोमन, हर्मन्स व डाउन्स यांनी १९५५ मध्येच या घटनेचे सविस्तर वर्णन केले होते. सूक्ष्मीकरणाने हा दोष तीव्र होतो. ५ व्होल्ट दाब कायम ठेवून दोन वाहकांतील अंतर ५०० मायक्रॉनवरून १०० मायक्रॉनवर आणले, तर विद्युत्‌क्षेत्र दर मिलिमीटरास १० व्होल्टवरून ५० व्होल्टवर जाते, आणि चांदीस ओलांडावयाचे अंतर एक-पंचमांश उरते. दुसरा दोष असा की, डाख देताना वितळलेल्या कथिलात चांदी झपाट्याने विरघळते. पातळ रेषा त्यात नाहीशीही होऊ शकते.

पॅलॅडियम मिसळल्याने दोन्ही दोष आटोक्यात येतात. पण रोध वाढतो. १० मायक्रॉन जाडीच्या निव्वळ घन चांदीचा पृष्ठरोध हिशेबाने सुमारे १.६ मिलिओहम प्रति चौरस येतो. पॅलॅडियममिश्रित पेस्टचा पृष्ठरोध याच्या कित्येक पट असतो. शिवाय पॅलॅडियमचा भाव बेभरवशाचा: मार्च २०२२ मध्ये तो औंसास ३,००० डॉलरांवर गेला होता. म्हणून पॅलॅडियम कमी करण्याचा ध्यास समजण्याजोगा आहे. प्रश्न इतकाच की, पॅलॅडियम काढल्यावर ते जे काम करीत होते ते आता कोण करणार? याचे उत्तर ज्या निबंधात नाही, त्यातील काटकसर केवळ कागदावरची होय.

चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चूर्णाविषयीही हेच म्हणता येईल. सुमारे १५०° से.ला पक्व होणाऱ्या राळयुक्त पेस्टमध्ये ते उपयुक्त आहे. परंतु हवेत ८५०° से.ला भाजल्यास तांब्याचे ऑक्सिडीभवन होते; शिवाय चांदी-तांबे मिश्रण सुमारे ७८०° से.लाच वितळू लागते. एका प्रक्रियेतील यशाचा दाखला दुसरीस लागू पडत नाही.

याउलट, जेथे वाहक सिरॅमिकच्या थरांत पूर्णपणे बंदिस्त राहतो, तेथे आर्द्रता पोचत नाही व डाखाचाही संबंध येत नाही. अशा आतल्या थरांत निव्वळ चांदी वापरणे ही खरी काटकसर आहे. तात्पर्य, द्रव्याचे मोल ते मंडलात कोठे बसणार यावर ठरते.

८५° से. व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता यांतील दीर्घ चाचण्या लहान प्रयोगशाळांस परवडत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण दोन रेषांमध्ये ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून, काही व्होल्ट दाब देऊन, त्या जुळण्यास लागणारा वेळ मोजणे सर्वांना शक्य आहे. या चाचणीने आयुर्मान कळत नाही. दोन पेस्टांतील डावे-उजवे मात्र कळते. त्याच्या जोडीस, वितळलेल्या डाखात किती वेळा बुडविल्यावर रेषा तुटते आणि तापवून ठेवल्यानंतर तिची पकड किती उरते, एवढे तरी नोंदविले जावे.

पदव्युत्तर प्रबंधांत हे तीन स्तंभ वाढले, तर काही ‘स्वस्त’ द्रव्ये महाग ठरतील. ते निष्फळ संशोधन नव्हे. पुढील विद्यार्थ्याची दोन वर्षे त्यामुळे वाचतील.