हिरवा ठिपका बघून मी 'हो' म्हटलं, तिथेच चुकलं

तारापूर एमआयडीसीत क्यूसीला असलेला माझा एक मित्र मागच्या वर्षी वीगन झाला. मांस-मासे आधीही खात नव्हता, आता दूधही बंद. नाइट शिफ्टला जाताना बोईसर स्टेशनबाहेर इन्स्टंट नूडल्सचं पाकीट घेतो. "हे चालेल का गं?" असं त्याने विचारलं, तेव्हा हिरवा ठिपका बघून मी बिनधास्त 'हो' म्हटलं.

दोन महिन्यांनी त्याला व्हॉट्सॲपवर एक यादी आली: '६३१ म्हणजे डुकराची चरबी'. त्याच्या पाकिटावर ६३५ होतं, आणि ६३५ मध्ये ६३१ असतंच. तो हादरला. म्हणाला, "आमच्याकडे एचपीएलसी आहे, चेकच करू."

आता तुम्ही विचार करा, एचपीएलसी काय सांगेल? इनोसिनेटचा पीक दिसेल, प्रमाण कळेल. पण ते माशापासून काढलं की टॅपिओकाच्या स्टार्चवर जिवाणू वाढवून, हे कळणार नाही. रेणू तोच आहे. २०१५ च्या मॅगी प्रकरणात एमएसजीबाबत असाच घोळ झाला होता (शिशाचा वाद वेगळा). 'नो ॲडेड एमएसजी' लिहिलेल्या पाकिटात ग्लुटामेट सापडलं. पण ग्लुटामेट टोमॅटोतही असतं! वरून घातलेलं आणि मुळातलं वेगळं ओळखणारी चाचणीच नाही, हे पुढे २०१६ मध्ये एफएसएसएआयनेच सांगितलं.

म्हणजे स्रोताचं उत्तर मशीनमध्ये नाही, कागदात आहे. त्या यादीचा दोष हाच, की तिने एक शक्यता उचलून खात्री म्हणून विकली. शक्यता मात्र खोटी नाही. ६३१ मांस-माशांपासूनही बनतं, म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नुसता कोड नको, घटक वनस्पतीपासून की प्राण्यापासून तेही लिहा, असं बजावलं.

पण आपला कायदा नीट वाचा. प्राणिजन्य काहीही असलं तर पदार्थ मांसाहारी; अपवाद दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण, लाख अशा मोजक्या गोष्टींचा. म्हणजे माशापासूनच्या ६३१ वर हिरवा ठिपका चालतच नाही. कंपनी खरं बोलत असेल, तर ठिपक्याने ६३१ चं उत्तर आधीच दिलं होतं. दुधाचं दिलं नव्हतं, आणि मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यालाच लावून मोकळी झाले होते.

पाकीट उलटं केलं. मसाल्याच्या घटकांत 'मिल्क सॉलिड्स', खाली ठळक अक्षरांत 'कंटेन्स मिल्क'. दोन महिने!

('मे कंटेन मिल्क' ही वेगळी गोष्ट. तिथे दूध घटक म्हणून नसतं, कारखान्यात चुकून अंश मिसळला असेल एवढीच सूचना असते. ते चालवून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

२०२२ च्या वीगन नियमांनंतर हिरव्या 'व्ही'चा वेगळा लोगो आला. त्यात प्रक्रियेत वापरलेले पदार्थही प्राणिजन्य चालत नाहीत. आमच्या दुकानातल्या एकाही नूडल्सवर तो मला दिसला नाही.

मित्राने आता दुसरं पाकीट धरलंय. त्यात दूध नाही, पण ६३५ आहेच. मी कंपनीला मेल केलाय. 'वनस्पतिजन्य आहे का?' असं विचारलं नाही, त्यावर नुसतं 'हो' येतं. 'कशापासून आणि कोणत्या प्रक्रियेने?' असं विचारलंय. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.