जामखेडचें पुस्तक आणि दिल्लीची योजना

आरोग्याचें व आहाराचें धोरण कोठें ठरतें, असें विचारल्यास सुशिक्षित वाचक सहज दिल्लीकडे, फार तर जिनीव्हाकडे, बोट दाखवील. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांचें ‘जामखेड’ हें १९९४ सालचें इंग्रजी पुस्तक ह्या समजुतीस चांगलाच धक्का देतें.

हें दांपत्य १९७० सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याच्या ह्या अवर्षणग्रस्त कोपऱ्यांत आलें, तें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून. परंतु खरें अध्ययन येथेंच सुरू झालें. लोकांनीं औषध मागितलें नाहीं. पाणी आणि अन्न मागितलें. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या, तो बेत फसला. तो कां फसला ह्याची हकीकत आम्हांस सर्व पुस्तकांत अधिक मोलाची वाटते. यशाच्या कथा कोणीही लिहितो! मग गांवानेंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित अशा स्त्रिया पुढें आल्या. मुलांचीं वजनें घ्यावीं, गरोदर बायकांस जपावें आणि दर आठवड्यास जामखेडीं जमून शिकावें व शिकवावें, असा त्यांचा क्रम. १९७१ मध्यें हजार जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. दोन दशकांत तो आंकडा विसाच्या आसपास आला.

१९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत ही हकीकत छापली गेली. १९७८ मध्यें अल्मा-आता येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला. आमच्या सरकारनें तर १९७७ मध्येंच गांवोगांव आरोग्यसेवक नेमण्याची योजना काढली, पण नेमले गेले ते बहुतांशीं पुरुष! स्त्री परत आली ती २००५ मध्यें, ‘आशा’ ह्या नांवानें. सोबत आठवी इयत्तेची अट आणि कामागणिक मोबदला घेऊन. जामखेडची निरक्षर कार्यकर्ती त्या अटींत बसती ना.

खेड्यांतील अनुभव दिल्लीच्या कागदावर चढतांना त्यांतून काय गळतें, हा ह्या विषयाचा गाभा होय, आणि त्याविषयीं लेखकांनीं अधिक विस्तारानें लिहावयास हवें होतें. शिवाय ह्या बायकांचें बोलणें इंग्रजींत शिरतांना फारच सोज्वळ झालें आहे. मूळच्या बोलींत तें खचित अधिक तिखट असलें पाहिजे. एवढें वगळतां, घरांतील मंडळींनीं, विशेषतः वैद्यकीकडे वळूं पाहणाऱ्या मुलामुलींनीं, परिचारिकांचें तें प्रकरण तरी अवश्य वाचावें.