शब्दांची दोरी : एका तुर्की वाक्प्रचाराचा विचार

परभाषेतील वाक्प्रचार समजणे निराळे आणि तो योग्य स्थळी योजणे निराळे. पहिल्या कामास कोश पुरतो; दुसऱ्यास विवेक लागतो. चातुर्याने बोलून सरळ उत्तर चुकविणे ह्यास तुर्की भाषेत ‘लाफ जांबाझलिई’ म्हणतात. त्याचे भाषांतर ‘उडवाउडवी’ असे करून मोकळे होण्याचा मोह मराठी लेखकास सहज पडेल. परंतु तेवढ्याने मूळ शब्दांतील मर्म हाती लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

‘जांबाझ’ हा शब्द मूळचा फारसी. जिवाशी खेळणारा, प्राण पणास लावणारा, असा त्याचा धात्वर्थ. हाच शब्द हिंदुस्थानी भाषेत शूर पुरुषाचा वाचक झाला आणि तुर्कीत दोरीवर चालणाऱ्या कसरतपटूचा. इ. स. १७२० मध्ये तिसऱ्या अहमद सुलतानाने आपल्या पुत्रांच्या सुंतेनिमित्त मोठा सोहळा केला. लेव्हनी ह्या चित्रकाराने त्याची जी चित्रे काढली, त्यांत दोरीवरचे हे खेळाडूही दिसतात. तुर्की लोक घोड्यांचा व्यापार करणारासही ‘जांबाझ’ म्हणतात, आणि लबाड मनुष्यासही. कौतुक आणि संशय हे दोन्ही भाव अशा रीतीने एकाच शब्दात नांदतात.

‘लाफ’ म्हणजे बोलणे, गोष्टी, गप्पा. तुर्कीत ‘सोझ’ हा त्याहून वजनदार शब्द आहे. आपण मराठीत जसा ‘शब्द देतो’, तसाच तुर्क वचन देताना ‘सोझ’ देतो. ‘लाफ’ देत नाही. ‘सोझ’ घालूनही हा वाक्प्रचार वापरतात, हे खरे. तथापि ज्याला वचनाचे वजन नाही त्या ‘लाफ’च्या दोरीवरच ही कसरत अधिक शोभते.

आता प्रयोगाविषयी. एखाद्याने विचारावे, “घेतलेले पैसे परत केलेस काय?” आणि उत्तर मिळावे, “परत करणे म्हणजे काय, ते आधी ठरवू. मनाने तर मी ते केव्हाच परत केले आहेत.” येथे तुर्क म्हणेल, “लाफ जांबाझलिई यापमा”, अर्थात, शब्दांची कसरत करू नकोस. प्रश्न सरळ होता, उत्तर ठाऊक होते, आणि कौशल्य केवळ त्यावरून उडी मारण्यासाठी खर्ची पडले. ही तीन लक्षणे एकत्र आली म्हणजेच हा आरोप शोभतो.

ह्याच्या शेजारचा दुसरा वाक्प्रचार ‘इपे उन सेर्मेक’, म्हणजे दोरीवर पीठ वाळत घालणे. तो नसरुद्दीन खोजाच्या गोष्टींशी निगडित आहे. खोजा परंपरेने तेराव्या शतकातला मानतात. त्याची म्हणून दाखविली जाणारी कबर आकशेहिर येथे आहे, आणि त्याच्या गोष्टी सांगण्याच्या परंपरेची युनेस्कोने २०२२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. शेजारी दोरी मागावयास येतो. खोजा म्हणतो, दोरीवर पीठ वाळत घातले आहे. दोरीवर पीठ कसे राहील, असे शेजाऱ्याने विचारताच खोजा उत्तरतो की, द्यावयाची इच्छा नसली म्हणजे राहते! ही सबब खरी. पण ही शब्दांची कसरत नव्हे. खोजाने अखेर आपला नकार उघड केला. कसरतपटूचा सारा डाव नकार उघडा न पडू देण्यातच असतो.

तिसरा प्रयोग ‘जांबाझा बाक’, म्हणजे ‘तो कसरतपटू पाहा’. लोकांच्या नजरा दोरीकडे लावून खालच्या खाली खिसे कापणारांची ही युक्ती. मूळ विषयावरून लक्ष दुसरीकडे वळविणारास उद्देशून ती योजतात.

आमच्या मते धोका आहे तो येथेच. समोरचा मनुष्य आपल्यापेक्षा चांगले बोलतो, एवढ्यावरून त्याच्या मुद्द्याला ‘शब्दांची कसरत’ म्हणणे फार सोपे आहे. ठेव आणि कर्ज यांतील भेद दाखविणारा वकील कसरत करीत नाही. प्रश्नच चुकीचा आहे असे सांगणारा विद्यार्थीही कधी कधी सर्वांत सरळ उत्तर देत असतो. अशांवर हा शिक्का मारणे म्हणजे स्वतःच ‘जांबाझा बाक’ म्हणणे होय. कारण त्यायोगे श्रोत्यांचे लक्ष मुद्द्यावरून बोलणाराच्या अंगी असलेल्या कौशल्याकडे जाते.

आपल्या नैयायिकांनी ह्याबाबत चांगला दंडक घातला आहे. न्यायसूत्रांत छल हा सोळा पदार्थांपैकी एक. ‘नव’ शब्द ‘नवे’ ह्या अर्थी योजला असता तो ‘नऊ’ ह्या अर्थी घेऊन नव्या कांबळ्याच्या धन्याला खोटे पाडणे, हे वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण होय. येथे छल म्हणावयाचा तर कोणता अर्थ सोडून कोणता घेतला, ते बोट ठेवून दाखवावे लागते. तुर्की वाक्प्रचार मराठीत आणताना हा दंडकही त्याबरोबर आणावा. जो दुसऱ्यास कसरतपटू म्हणतो, त्याने उडी नेमकी कोठे मारली गेली ते दाखवावे. ते दाखविता येत नसेल, तर ऐकलेल्या युक्तिवादाला उत्तर द्यावे.